मोंढ्याच्या चौकातलं अनुमोदन

१

मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, चौकात कार्यक्रम कुठलाही असो, जयंती असो, सत्कार असो, नाही तर मेलेल्या माणसाची शोकसभा असो, पहिल्या रांगेतली डाव्या टोकाची खुर्ची सुंदररावची. तिच्यावर नाव लिहिलेलं नव्हतं. पण दुसरा कुणी बसला, तर सुंदरराव काठी टेकून त्याच्यासमोर असा उभा राहायचा, की बसलेल्याला आपण परक्याच्या ताटावर बसलोय असं वाटायचं.

काम एका वाक्याचं. सूत्रसंचालन करणारे उत्तरेश्वर सर माईकवरून म्हणायचे, "आजच्या कार्यक्रमाचं अध्यक्षस्थान अमुक अमुक यांनी स्वीकारावं, अशी मी सूचना मांडतो." मग सुंदरराव उठायचा, टोपी नीट करायचा आणि म्हणायचा, "माझं अनुमोदन हाय." टाळ्या पडायच्या, अध्यक्ष खुर्चीत बसायचा, हारतुरे सुरू व्हायचे. माणूस चौथी नापास, तोंडाचा फटकळ, गेवराईत त्याच्याशी सरळ बोलणारं कुणी उरलं नव्हतं. पण त्या वाक्याबिगर चौकात कुणाचा कार्यक्रम सुरू होत नव्हता. अनुमोदन नसलं तर अध्यक्ष म्हणजे नुसता खुर्चीत बसलेला माणूस, असं तो म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं.

त्या दिवशी वाचनालयाचा वर्धापनदिन होता. ऊन उतरलं होतं. मांडववाल्यानं सवयीप्रमाणं गरजेपेक्षा जास्त सतरंज्या अंथरल्या होत्या, म्हणजे पुढं चार खुर्च्या भरलेल्या, मधे थोडी माणसं, आणि मागं बसस्टँडच्या रस्त्यापर्यंत रिकाम्या सतरंज्या. अध्यक्ष म्हणून शहादेव गुरुजींचं नाव आलं. रिटायर झालेले, भले गृहस्थ. सुंदररावनं काठीवर जोर देऊन बूड उचललं.

"माझं अनुमोदन हाय."

वाक्य मागून आलं.

आवाज मोठा नव्हता. माईकमधलाही नव्हता. पंगतीत पाठीमागून कुणी "भात वाढू का?" म्हणावं, इतका साधा. टाळ्या पडल्या. गुरुजी हात जोडून खुर्चीत बसले. सुंदरराव अर्धा उठलेला तसाच राहिला. वळून बघितलं, तर मागं रिकाम्या सतरंज्या.

२

"कोण होता बे तो?" कार्यक्रम संपल्यावर तो बिभीषणच्या हॉटेलात येऊन आदळला.

बिभीषण त्याच्याच वयाचा. लहानपणी दोघांनी मिळून मोंढ्यातली गुळाची ढेप फोडून खाल्ली होती, तेव्हापासूनची दोस्ती. चहाच्या पातेल्यातून मान वर न करता तो म्हणाला, "कोण?"

"माझं अनुमोदन ज्यानं खाल्लं तो."

"सुंदऱ्या, तूच तर दिलंस की."

"मी तोंड उघडलं न्हाई."

"तू तोंड उघडलं न्हाईस? तू?" बिभीषण इतका हसला की चहा उतू गेला. "बे, मेल्यावर बी तुझं तोंड बांधायला दोन फडकी लागतील."

तिथं बसलेल्या दोघाचौघांना विचारलं. सगळे तेच म्हणाले. तुमीच उठलाव, तुमीच बोललाव, आमी ऐकलं. सुंदरराव चहा टाकून बाहेर आला. वय झालं की माणूस बोललेलं विसरतो, हे त्याला माहीत होतं. पण विसरतो तो. न बोललेलं इतरांना कसं ऐकू जातं?

मांडववाल्यांनी अजून आवरलं नव्हतं. तो शेवटच्या सतरंजीपर्यंत गेला आणि खाली वाकून तळहात टेकवला. सतरंजी गरम होती. नुकतीच कुणाच्या तरी बुडाखालून ओढून घेतल्यासारखी.

ऊन पडलं असेल, तो स्वतःशी म्हणाला. मग वर बघितलं. मांडवाची सावली तिथं दुपारपासून होती.

३

शहादेव गुरुजी दुसऱ्या दिवशी भर उन्हात चौकात येऊन बसले.

मंचाच्या लाकडी फळ्या काढून नेल्या होत्या. जिथं मंच होता तिथल्या ओट्यावर, रस्त्याकडं तोंड करून, मांडीवर हात ठेवून. मधूनच मान हलवायचे, कुणाचं तरी पटल्यासारखी. मधूनच हलक्या हातानं टाळी वाजवायचे. पोरं हसली. बिभीषणनं पाणी नेऊन दिलं, तर गुरुजींनी ते "मंचावर नको" म्हणून परत केलं.

लेकानं घरी नेलं. ते परत आले. खोलीत कोंडलं, तर दारावर डोकं आपटून घेऊ लागले आणि रडवेल्या आवाजात म्हणू लागले, "बरं दिसत न्हाई रे, माणसं ताटकळलीत." शेवटी अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. तिथंही म्हणे खाटेवरून उतरून भिंतीकडं तोंड करून खुर्चीत बसायचे. अन्न सुटलं. पाणी सुटलं. आणि एक दिवस खुर्चीत बसल्या बसल्याच गुरुजी गेले.

ऊन लागलं, असं गाव म्हणालं. सुंदररावही तेच म्हणाला. दुसरं काय म्हणायचं?

शोकसभा चौकातच झाली. अध्यक्ष म्हणून आडत दुकानवाल्या राधाकिशनचं नाव ठरलं होतं. माणूस कसला, बैल. पाठीवर पोतं घेऊन जिना चढायचा, आणि भुताखेताचं नाव काढलं तर शिवी द्यायचा.

सुंदररावनं या बारीला वेगळं केलं. पहिल्या रांगेत बसलाच नाही. थेट मागं गेला आणि बंद दुकानाच्या शटरला पाठ लावून उभा राहिला. आता मागं कुणी राहायचा सवालच नव्हता. वर खबरदारी म्हणून तंबाखूचा बार भरला, तोंडात पिंक साठू दिली, ओठ गच्च मिटले आणि त्यावर उपरणं धरलं. बोलायचं म्हटलं असतं तरी बोलता आलं नसतं.

सरांनी सूचना मांडली.

"माझं अनुमोदन हाय."

मानेमागून. शटर आणि त्याची मान यांच्यामधून, जिथं बोट शिरायला जागा नव्हती तिथून. मानेवरच्या केसांना त्या शब्दांची ऊब लागली.

पुढच्या लोकांनी वळून सुंदररावकडं बघितलं आणि माना डोलावल्या. राधाकिशन खुर्चीत बसला. सुंदररावच्या घशात तंबाखूची पिंक उतरली आणि तो तिथंच ओकला.

४

राधाकिशन ओट्यावर दिसू लागला तेव्हा कुणी हसलं नाही.

दुकान उघडं टाकून यायचा. बायको, भाऊ, हमाल सगळे ओढून थकले. चौघांना आवरायचा नाही. सुंदरराव दोन-तीन दिवस लांबून बघत राहिला. मग एका दुपारी, चौकात चिटपाखरू नसताना, त्याच्या शेजारी जाऊन टेकला. ओटा तव्यासारखा तापला होता. राधाकिशनच्या ओठांची सालं निघाली होती.

"राधाकिशन, कावून बसलाव?"

"हळू बोला." राधाकिशननं मान वळवली नाही. "पुढचे बघायलेत."

पुढं डांबरी रस्ता होता. त्यावर उन्हाच्या झळा. एक रिक्षा चौक ओलांडून गेली.

"कोण पुढचे? कुणी न्हाई."

"मला बी अदुगर तसंच वाटलं," राधाकिशन म्हणाला. ओठ फारसे न हलवता, मंचावरची माणसं आपसात बोलतात तसं. "खुर्चीत बसलो तवा दिसले. आता उठावं तर कसं? सगळे बसलेले असताना अध्यक्षानं उठायचं? ते उठले की मी उठतो."

"उठत न्हाईत?"

"न्हाई." आणि त्या बैलासारख्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी आलं. हात मात्र मांडीवरच राहिले. "सुंदरराव, रातीला बी उठत न्हाईत हो."

सुंदरराव उठला. घरी जाताना त्यानं चौक मधून ओलांडला नाही. कडेकडेनं, दुकानांच्या पायऱ्यांवरून गेला. मधे पाय ठेवायला त्याचा जीव होईना, आणि का होईना, हे त्यानं स्वतःला विचारलंही नाही. पाचव्या की सहाव्या दिवशी राधाकिशनला ओट्यावरून उचलून नेलं, ते सरळ स्मशानातच.

५

घरी सून होती. मनिषा. लेक रामेश्वर चाकणला कंपनीत. मुक्ताबाई, म्हणजे सुंदररावची बायको, जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून या म्हाताऱ्याची कटकट एकट्या मनिषानं काढली. त्याला भाकरी कडक लागायची, आणि कडक झाली की तो दात नाहीत म्हणून ओरडायचा. मनिषा दोन्ही प्रकारच्या भाकऱ्या करून ताटात ठेवायची. दवाखान्यात नेऊन मोतीबिंदू तिनंच काढून आणला होता. सुंदररावनं कधी बरा शब्द काढला नाही. पण तिच्या गाडीचा आवाज गल्लीत आल्याबिगर तो जेवायला बसत नव्हता, हेही खरं.

"मामा, महिला मेळावा चौकात घ्यायलाव," ती कुकर लावता लावता म्हणाली. "सगळ्या बचत गटांचा मिळून. अध्यक्ष मला करायलेत."

सुंदररावनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"न्हाई व्हायचं."

"कावून?"

"न्हाई म्हनलं ना. दुसरी कुनी बघा म्हनावं. न्हाई तर शाळेत घ्या. मंगल कार्यालयात घ्या. चौकात न्हाई."

मनिषानं गॅस बारीक केला आणि पदराला हात पुसत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मामा, आजवर त्या खुर्चीवर बाई बसली न्हाई. तुमी आयुष्यभर कुनाकुनाला अनुमोदन दिलं. दारुड्याला दिलं. वाळू चोरणाऱ्याला दिलं. आता घरातली बाई बसायली म्हनल्यावर पोटात दुखायलंय व्हय?"

"तसं न्हाई."

"मग कसं हाय, ते सांगा."

काय सांगणार? शटर आणि मानेच्या मधून आवाज येतो? राधाकिशनला माणसं दिसत होती? आयुष्यभर त्यानं बायकांना मंचाच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं, हळदीकुंकू चौकात नको म्हणून भांडण काढलं होतं. आता खरं बोलला तरी ते त्याच जुन्या भांडणाचं नवीन निमित्त वाटणार होतं. मनिषाला आणि अख्ख्या गावाला.

"गुरुजी गेले. राधाकिशन गेला," तो एवढंच म्हणाला.

"गुरुजी ऐंशीचे होते. आन राधाकिशनशेठला उन्हानं खाल्लं. मी काय उन्हात बसायले?" तिचा आवाज खाली आला. "बायकांनी एकमतानं नाव घेतलंय माझं. तुमच्या घरात आल्यापासून पयल्यांदा कुनी माझं नाव घेतलं."

त्या रात्री दोन्ही भाकऱ्या ताटात होत्या. सुंदररावला एकही गेली नाही.

६

उत्तरेश्वर सरांकडं तो सकाळीच गेला. सर दाढी करत होते.

"सर, परवाच्याला ते सूचना-अनुमोदन राहू द्या. डायरेक बसवा बायकांना."

सरांनी अर्ध्या फेसाचं तोंड वळवलं. "हे तुम्ही म्हणताय? गेल्या साली आमदारांच्या भावाला अनुमोदनाशिवाय बसवलं, तर तुम्ही मंचासमोर आडवे झाला होतात!"

"व्हय. मी खुळा होतो."

"पद्धत म्हणजे पद्धत. पहिल्यांदा महिला अध्यक्ष होतेय, आणि तिलाच पद्धत नको? लोक म्हणतील, बायका म्हणून कशीही बसवली." सरांनी वस्तरा पुसला. "तुमच्या सूनबाई आहेत, आनंदानं अनुमोदन द्या. तुमच्या त्या खणखणीत आवाजात."

माझा आवाज. सुंदररावला परत येताना तेवढंच सुचलं. आपणच आधी द्यायचं. सरांच्या शेवटच्या शब्दाला आपला पहिला शब्द चिकटवायचा. एकदा अनुमोदन झालं की दुसरं देता येत नाही, पद्धतच तशी आहे. मागं जो कुणी असेल त्याला पद्धत पाळावी लागतेच, नाही तर तो अनुमोदनासाठी थांबलाच नसता.

हा विचार त्याला बरा वाटला. इतका, की तो घरी येऊन जेवला.

७

चौक बायकांनी भरला होता. दिंद्रुडपासून बायका आल्या होत्या. मागच्या सतरंज्याही भरलेल्या बघून सुंदररावला हायसं वाटलं. रिकामी जागाच नव्हती. तो आपल्या खुर्चीत बसला, दोन्ही हात काठीवर. ऊन समोरून येत नव्हतं, मागून येत होतं, आणि त्याची स्वतःची सावली मंचाच्या पायरीपर्यंत गेली होती.

मनिषा मंचाच्या कडेला उभी होती. मोरपंखी साडी, केसांत गजरा. सारखी पदर नीट करत होती. तिनं एकदाच सुंदररावकडं बघितलं. सकाळपासून दोघं बोलले नव्हते. पण त्या बघण्यात राग नव्हता. आता तरी, असं काहीतरी होतं.

"आजच्या या ऐतिहासिक कार्यक्रमाचं अध्यक्षस्थान," सर म्हणाले, "सौ. मनिषाताई रामेश्वर यांनी स्वीकारावं, अशी..."

सुंदरराव उठला. वाक्य जिभेवर तयार होतं.

"...मी सूचना मांडतो."

आणि त्याला मागं श्वास घेतलेला ऐकू आला. बोलण्याआधी माणूस घेतो तसा. एकाचा नव्हे. अख्ख्या चौकाचा, बसस्टँडच्या रस्त्यापर्यंतचा, एकदम. तो श्वास सुंदररावसाठी थांबला होता. आपण "माझं" म्हटलं की ते सगळे आपल्याबरोबर म्हणणार, आपल्याच तोंडानं म्हणणार, हे त्याला कळलं. विचार करून नाही. खड्डा आहे हे पायाला कळतं तसं.

मनिषानं खुर्चीच्या हाताला हात लावला होता.

"माझा विरोध हाय!" सुंदरराव ओरडला.

आजवर त्या चौकात हा शब्द कुणी ऐकला नव्हता.

"बाई न्हाई चालायची!" तो पायऱ्या चढत होता. काठी खाली राहिली. "अध्यक्ष मी! मी मांडतो सूचना! सुंदरराव अध्यक्ष!" आणि मनिषाच्या दंडाला धरून तिला बाजूला सारून तो खुर्चीत बसला. जोरात, हाडं वाजतील इतका.

"माझं अनुमोदन हाय."

"अहो, स्वतःच सूचना, स्वतःच अनुमोदन?" सर माईकवरच किंचाळले. "लाज वाटत नाही का या वयात?"

बायका उठल्या. कुणीतरी चप्पल फेकली, ती त्याच्या खांद्याला लागली. सुंदररावचं तिकडं लक्ष नव्हतं.

ऊन आता थेट त्याच्या डोळ्यांत होतं, म्हणून चेहरे दिसत नव्हते. बायका उठून गेलेल्या जागी जागा रिकामी होत नव्हती. कुणीतरी बसलेलंच होतं, मांडीला मांडी लावून, बायका त्यांच्यामधून आणि त्यांच्यावरून चाललेल्या. रांगा मोंढ्याच्या पार पलीकडं गेलेल्या. आणि पार मागं एक जण उभा. अनुमोदन देऊन झाल्यावर माणूस बसतो, तसा तो सावकाश खाली बसला.

८

"उठा," मनिषा म्हणाली.

बायका पांगल्या होत्या. मांडववाले सतरंज्या गुंडाळत होते. मनिषाचा गजरा खांद्यावर लोंबत होता.

"उठा मामा. झालं ना मनासारखं? अख्ख्या तालुक्यापुढं माझी अब्रू घेतलीत. आता घरी चला."

त्याला म्हणायचं होतं, पोरी, तू खुर्चीला हात लावला होतास, काही दिसलं तर नाही ना? त्याला म्हणायचं होतं, साडी तुला शोभते. पण तसं म्हटलं असतं, तर ती थांबली असती. शेजारी बसली असती. दोन भाकऱ्या घेऊन रोज उन्हात आली असती.

"जा," तो म्हणाला. "तुझं तोंड बघायचं न्हाई मला. रामेश्वरकडं जा चाकणला, कुठं बी जा. चौकात पाय ठेवू नकोस."

मनिषानं लोंबणारा गजरा ओढून काढला. "मी बी न्हाई येणार परत," ती म्हणाली, आणि मंच उतरली.

बसस्टँडच्या रस्त्याला जायचं तर चौक मधूनच ओलांडावा लागतो. ती सरळ चालली, डोळे पुसत. पहिल्या रांगेनं गुडघे आत घेतले. मग दुसरीनं. तिला वाट करून देत होते, सभ्यपणानं, कार्यक्रमातून उशिरा जाणाऱ्या बाईला देतात तशी. तिला काही दिसत नव्हतं. ती गेली की गुडघे पुन्हा पुढं येत.

ती शेवटच्या रांगेपाशी पोचली, तेव्हा तो मागचा माणूस अर्धा उठला. तिच्याकडं बघितलं. मग मंचाकडं बघितलं, हात वर केला आणि थांबला.

सुंदररावला कळायला वेळ लागला. तो तिला बसवून घ्यायची परवानगी मागत होता. अध्यक्षाला विचारल्याशिवाय सभेत काही करता येत नाही.

सुंदररावनं मान हलवली. नाही.

माणूस खाली बसला. मनिषा रस्त्याला लागली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

"ओ बाबा, खुर्ची द्या, गाडीत भरायचीय," मांडववाला म्हणाला.

सुंदररावनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. मागं, शेवटच्या रांगेत, तो माणूस पुन्हा हात वर करत होता.